काठी टेकून बसलेली माणसे
(पाठ : जखऱ्या ८:४, ५)

हा पाठ दोनच ओव्यांएवढा आहे, म्हणून उपदेशकबंधू तो बहुधा ओलांडून पुढे जातात. बंदिवासातून परतलेल्या लोकांस संदेष्टा यरुशलेमेचे येणारे सुख वर्णन करून सांगत आहे. येथे तो सोन्यारुप्याचे नाव काढीत नाही. चौकांत हाती काठी घेऊन बसलेले म्हातारे व म्हाताऱ्या, आणि तेथेच खेळणारी मुले, एवढेच तो दाखवितो. ती वृद्ध माणसे घराच्या कोपऱ्यात नाहीत, चारचौघांत आहेत, हे ध्यानात घ्यावे.

आम्ही आईबापांस वेळेवर भाकरी वाढितो, औषध आणितो, आणि पाचवी आज्ञा पाळली असे समजतो. पण दिवसभरात त्यांच्याशी कोण बोलले? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात एकाकीपणाशी निगडित मृत्यूंचा अंदाज वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक दिला आहे. तेव्हा ही म्हातारपणाची नुसती कुरकुर नव्हे. आम्ही सेवकही निर्दोष नाही. एका आजीबाईंच्या घरी प्रार्थना करून आम्ही लागलीच उठलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “प्रार्थना झाली, आता थोडे बसा की!” त्या बोलण्याची लाज आम्हांस अद्याप वाटते.

वृद्धांच्या हातून आता काय होणार, असे कोणी म्हणेल. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर अक्षरे शिकल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. सर्वांनी पुस्तके लिहावीत असे नव्हे. परंतु ज्यांस वाचता येत नाही अशा कित्येक वृद्धांस जुनी भजने चालींसह मुखोद्गत आहेत, आणि ती मुलांस शिकविण्यास त्यांच्यावाचून दुसरे कोणी नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) छावणीत गुरुवारी आठवडी बाजार भरतो. खेड्यांतील वृद्ध तेथे येतात ते जितके खरेदीसाठी, तितकेच ओळखीचे तोंड पाहण्यासाठी. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांस २०२२ पासून एसटीचा प्रवास फुकट आहे, म्हणून भाड्याची अडचण त्यांस उरली नाही. अडचण आहे ती बसावयाच्या जागेची. बाजार आटोपल्यावर मंडळीने मंदिराचे दार तासभर उघडे ठेवावे, सतरंजी अंथरावी, पाण्याचा माठ व टाळ ठेवावेत. तेथे उपदेश नको. त्यांसच बोलू व गाऊ द्यावे. आणि मुलांस शाळा सुटल्यावर परस्पर तेथेच पाठवावे.