एच.आय.व्ही.च्या गोळ्या मध्येच का सुटतात?

गेल्या पंधरवड्यात या सदराच्या पत्त्यावर एक पत्र आले. लिहिणाऱ्याने आपले नाव दिले आहे, पण ते येथे छापणार नाही. त्यांचा धाकटा भाऊ चार वर्षांपासून एच.आय.व्ही.च्या गोळ्या घेत होता. तब्येत सुधारली, वजन वाढले, तो पुन्हा कामावर जाऊ लागला. तीन महिन्यांपूर्वी मात्र त्याने गोळ्या आणायला जाणे बंद केले. विचारले तर म्हणतो, "मला आता काही होत नाही. आणि आफ्रिकेत एवढ्या गोळ्या वाटल्या, तरी माणसे मरतातच ना?" त्याच्या पत्नीचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. पत्राच्या शेवटी एकच ओळ आहे : "डॉक्टर, त्याला काय सांगू?"

आफ्रिकेचे नाव त्याने काढलेच आहे, तर उत्तरही तिथूनच द्यावे हे बरे.

दक्षिण आफ्रिकेत एके काळी या आजाराने माणसे पटापट मेली, हे खरे आहे. पण ती गोळ्या खाऊन मेली नाहीत, गोळ्या मिळाल्या नाहीत म्हणून मेली. २००० सालच्या सुमारास तिथले अध्यक्ष थाबो म्बेकी हे एच.आय.व्ही.मुळे एड्स होतो यावरच शंका घेत होते. त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबाची शिफारस करीत. (लसणाशी माझे वैर नाही. भाकरीबरोबर चटणी म्हणून तो उत्तमच.) सरकारी दवाखान्यांतून देशभर औषधे देण्यास २००४ साल उजाडले. या विलंबामुळे २००० ते २००५ या काळात तीन लाख तीस हजारांहून अधिक जीव गेले, असा हिशेब अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे २००८ साली मांडला.

त्याच काळात केपटाऊन शहराच्या कडेला एक वेगळा प्रयोग चालू होता. तिथे खायेलित्शा नावाची मोठी वस्ती आहे. नावाचा अर्थ 'नवे घर'. गोऱ्यांच्या राजवटीने काळ्या लोकांना शहराबाहेर वसवले, त्यातून ती उभी राहिली. पत्र्याची घरे, रोजंदारीची कामे. तिथल्या साध्या दवाखान्यांत 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने प्रांतिक सरकारच्या साहाय्याने मे २००१ मध्ये एच.आय.व्ही.ची तीन औषधे एकत्र देण्यास सुरुवात केली. त्याआधी तीनच महिने, फेब्रुवारीत, आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने ही तिन्ही औषधे या संस्थेला माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली होती. तोपर्यंत हाच खर्च १०,००० डॉलरच्या पुढे जात असे.

औषध स्वस्त झाले तरी मोठमोठ्या लोकांना एक शंका होतीच. अशिक्षित, गरीब माणूस रोज वेळेवर गोळ्या घेईल का? अमेरिकन सरकारच्या परदेशी मदत खात्याचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिऑस यांनी २००१ साली जाहीरपणे असे सांगितले की, आफ्रिकेतील कित्येकांनी घड्याळच पाहिलेले नाही, मग ते औषधाच्या वेळा कशा पाळणार? त्यांच्यावर खूप टीका झाली. पण खरे सांगायचे तर त्या वर्षांत माझेही मत फारसे निराळे नव्हते. टीबीचा कोर्स अर्धवट सोडणारे रुग्ण रोज पाहत होतो. हे तर जन्मभराचे औषध! आपल्या लोकांना ते झेपणार नाही, असे मी एकदोन नातेवाइकांना बोलूनही दाखवले होते.

ही शंका का येते, हे समजून घ्यायला हवे. एच.आय.व्ही.चा विषाणू रक्तातील सी.डी.४ या संरक्षक पेशींमध्ये शिरतो आणि तिथे आपल्या प्रती काढतो. प्रती काढताना तो सारख्या चुका करतो. त्या चुकांतून एखादी प्रत अशी निघते की तिच्यावर औषध चालत नाही. म्हणून एकाच वेळी अनेक औषधांनी त्याची नाकेबंदी करावी लागते. गोळी रोज घेतली तर तो डोके वर काढत नाही. अधूनमधून घेतली तर मात्र औषध त्याला मारण्याइतके नसते आणि तो त्याच औषधाला सरावतो. शिवाय तो शरीरातून पूर्ण जातही नाही. शेतकरी वाचकांना हरळीचा अनुभव आहेच. वरून रान स्वच्छ दिसते, पण मुळी खाली असते, आणि हात थांबला की पुन्हा फुटते. "मला काही होत नाही" म्हणणाऱ्या भावाचे नेमके असेच झाले आहे. गोळी चालू होती म्हणून त्याला काही होत नव्हते.

आता खायेलित्शाचा निकाल पाहू. पहिल्या २८७ प्रौढ रुग्णांची हकिगत २००४ साली प्रसिद्ध झाली. निरोगी माणसाच्या रक्तात सी.डी.४ पेशींचा आकडा पाचशेच्या वर असतो. यांपैकी निम्म्या रुग्णांत तो ४३ किंवा त्याहूनही कमी होता, म्हणजे माणसे मरणाच्या दारात उभी होती. दोन वर्षांनंतर त्यांतील शंभरापैकी ८६ जण जिवंत होते. ज्यांचे रक्त तपासले त्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांत विषाणू दबलेलाच होता. पुढे २००६ साली अनेक अभ्यास एकत्र करून आफ्रिका आणि उत्तर अमेरिका यांची तुलना झाली. औषध नीट घेणारे आफ्रिकेत ७७ टक्के निघाले आणि उत्तर अमेरिकेत ५५ टक्के. घड्याळाचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

हे साधले कसे? तिथे प्रत्येक रुग्णाला विश्वासातले एक माणूस सोबतीला निवडायला सांगत. मग ती बहीण असो, शेजारी असो की मित्र. म्हणजे निदान एकाला तरी खरे सांगावेच लागे. रुग्ण एकत्र बसून बोलत. डिसेंबर २००२ मध्ये नेल्सन मंडेला तिथे आले आणि 'एच.आय.व्ही. पॉझिटिव्ह' असे छापलेला सदरा त्यांनी अंगात घातला. जानेवारी २००५ मध्ये त्यांचा मुलगा वारला, तेव्हा तो एड्सने गेला हे मंडेलांनी स्वतः पत्रकारांना बोलावून सांगितले. आपल्याकडे अशा वेळी 'अल्पशा आजाराने' असे छापून येते.

पण रुग्ण वाढले, तशी दवाखान्यांत गर्दी वाढली आणि नवीच अडचण उभी राहिली. धडधाकट माणसाला केवळ गोळ्यांसाठी अख्खा दिवस रांगेत घालवावा लागे. एक दिवसाची मजुरी बुडे. मालक विचारी, दर महिन्याला कुठे जातोस? माणसे गळू लागली ती इथे. म्हणून २००७ साली खायेलित्शाच्या उबुंटू दवाखान्यात गट सुरू केले. तब्येत स्थिर असलेले तीसपर्यंत रुग्ण दोन महिन्यांनी एकदा जमत. आरोग्य कार्यकर्ती वजन घेई, खोकला-तापाची चौकशी करी, प्रत्येकाच्या नावाची बांधून ठेवलेली पुडी देई, आणि तासाभरात सगळे मोकळे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गटातील ९७ टक्के लोक उपचारात टिकून होते. तितक्याच स्थिर तब्येतीचे, पण रांगेतच राहिलेले, ८५ टक्के टिकले. गटात जाणारे चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, तेव्हा या फरकाचे सगळे श्रेय गटालाच देता येणार नाही. पण फरक डोळ्यांत भरणारा आहे.

शेजारच्या मोझांबिक देशातील टेटे प्रांतात तर रुग्णांनीच वाट काढली. तिथे दवाखाने फार दूर. २००८ पासून सहासहा जणांचे गट झाले. दर महिन्याला गटातील एकजण दवाखान्यात जाई, स्वतःची तपासणी करून घेई आणि सहाही जणांच्या गोळ्या आणी. म्हणजे प्रत्येकाची फेरी सहा महिन्यांनी एकदा. अशा १,३८४ जणांची पाहणी झाली, सरासरी वर्षभराची. त्यांतले ९७.५ टक्के उपचारात होते.

हे वाचताना मला माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंची आठवण होते. त्यांच्या तारखा चुकत, म्हणून एकदा मी त्यांना रागे भरलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, गोळी मी कधी चुकवली न्हाई. एस.टी.चं भाडं नव्हतं." मला त्यावर काही बोलता आले नाही. भाड्याचे विचारायचे मला सुचलेच नव्हते.

आता भावाच्या पत्नीविषयी. एका मोठ्या अभ्यासात १,७६३ जोडपी होती. जोडीदारांपैकी एक बाधित, दुसरा नाही. बोट्स्वाना, मलावी, झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका यांच्याबरोबर आपल्या पुणे आणि चेन्नईतील जोडपीही त्यात होती. २०११ साली निकाल आला. ज्यांना लगेच औषध सुरू केले, त्यांच्याकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. जोडीदाराकडूनच आलेल्या २८ लागणींपैकी २७ औषध उशिरा सुरू करण्याच्या गटात होत्या. म्हणजे भावाची गोळी एवढे दिवस दोघांचे रक्षण करीत होती, आणि गेले तीन महिने ते रक्षण नाही. तोपर्यंत निरोध वापरावा आणि पत्नीची तपासणी पुन्हा करावी.

आफ्रिकेतही सगळे सुरळीत आहे असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली. दक्षिण आफ्रिकेचे सरकार बहुतांश गोळ्या स्वतःच्या पैशाने घेते. पण रुग्णांपर्यंत जाणाऱ्या, गळालेल्यांना शोधून आणणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांचे पगार त्या मदतीतून होत. फटका तिथे बसला.

पत्रलेखकांना माझे सांगणे असे. भावाला रागावू नका. तो का गेला नाही, हे आधी विचारा. अंतर, मजुरी, ओळखीचा माणूस दिसण्याची भीती, की दारू? घरात उरलेल्या जुन्या गोळ्या त्याने आपल्या मनाने सुरू करू नयेत, दुसऱ्याच्याही घेऊ नयेत. जुने कार्ड घेऊन त्याच ए.आर.टी. केंद्रात जावे आणि किती दिवस खंड पडला ते खरे सांगावे. तिथे रक्त तपासून कोणती औषधे द्यायची ते ठरवतील. उपचार मोफत आहेत. केंद्र लांब पडत असेल तर जवळच्या लिंक केंद्रातून गोळ्या मिळतील का, हे तिथेच विचारावे. खोकला कितीही दिवसांचा असला तरी तोही सांगावा, कारण या आजारात टीबी लवकर जडतो. फोनवर बोलायचे असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, तिथे नाव सांगावे लागत नाही. आणि पहिल्या खेपेस तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर जा.