नाजीर व्रत आणि आपला रायगड

(द्वितीय वर्ष, कला)

पेण हे माझे आजोळ. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजीने सहज एक आठवण सांगितली. तिच्या लहानपणी शेजारी एक इस्रायल कुटुंब राहत असे. त्यांच्या मुलाला मुलीसारखी वेणी होती. मुले त्याला चिडवत. एके दिवशी ती वेणी कापली, तराजूत घातली आणि दुसऱ्या पारड्यात चांदी ठेवली. "त्यांच्यातसुद्धा नवस असतो गो," एवढेच आजीला माहीत होते. त्या वेणीचा माग घेत मी वाचनालयात जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवते. विषय मोठा आहे आणि माझा अभ्यास लहान, हे आधीच सांगते.

बेने इस्रायल म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा आहे. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी आणि आडनावे गावांची : पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. पेणचे त्यांचे प्रार्थनामंदिर १८६३ सालचे. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली.

त्या मुलाच्या व्रताला नाजीर व्रत म्हणतात. 'नाजीर' म्हणजे वेगळा काढलेला, देवाला वाहिलेला. बायबलच्या 'गणना' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्याचे नियम आहेत. ते मुख्यतः तीन. पहिला, द्राक्षारस व मद्य वर्ज्य. एवढेच नव्हे, तर शिरका, ताजी द्राक्षे, मनुका, द्राक्षाचे बी आणि सालही वर्ज्य. दुसरा, डोक्याला वस्तरा लावायचा नाही. तिसरा, प्रेताजवळ जायचे नाही, मग ते आईबापांचे का असेना. मुदत ठरवली नसेल तर व्रत तीस दिवसांचे धरीत. मध्येच कोणी अचानक जवळ मरण पावले तर सातव्या दिवशी मुंडण, आठव्या दिवशी दोन पारवे किंवा होले अर्पण, आणि व्रत पुन्हा पहिल्या दिवसापासून! व्रत पुरे झाले की मंदिरात कोकरांचा व मेंढ्याचा बळी देत, आणि कापलेले केस त्या बळीखालच्या अग्नीत टाकीत.

मला विशेष वाटले ते हे की, हे व्रत पुरुषाप्रमाणे स्त्रीलाही खुले होते. पहिल्या शतकात अदियाबेनेची राणी हेलेना हिने नवस केला : मुलगा लढाईतून सुखरूप आला तर सात वर्षे नाजीर राहीन. मुलगा आला. सात वर्षे पाळून ती जेरुसलेमला गेली, तेव्हा हिल्लेलच्या परंपरेतील पंडितांनी तिला आणखी सात वर्षे पाळायला सांगितले. व्रत चौदा वर्षांवर, आणि एका मताप्रमाणे एकवीस वर्षांवर गेले. मुलासाठी आई काय काय सोसते!

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर पाडले. बळी देण्याची जागाच गेल्यामुळे व्रताची रीतसर सांगता करता येईना, आणि ते हळूहळू मागे पडले. कोकणात मात्र त्याचा एक अंश टिकला. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला बेने इस्रायलांचा इतिहास १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. या समाजाची रीत अशी होती की, मूल होत नसलेली स्त्री नवस करी, आणि झालेल्या मुलाचे केस सहा-सात वर्षांचा होईपर्यंत कापीत नसत. मग केसांच्या भारंभार सोने किंवा चांदी दानधर्मात देत. मंदिरातल्या अग्नीची जागा इथे तराजूने घेतली, असे मला वाटते. द्राक्षांचा नियम मात्र इथे दिसत नाही. उलट, शब्बाथच्या आशीर्वादासाठी बेने इस्रायल घरी मनुका भिजवून सरबत करतात. खऱ्या नाजिराला ते ओठाला लावता आले नसते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. अशी व्रते चांगली की वाईट? ज्यू पंडितांत यावर एकमत नव्हते. शिमोन नावाचा एक थोर याजक नाजिरांच्या विशिष्ट बळीतले मांस खात नसे, कारण बरेच जण रागाच्या भरात नवस करून मागाहून पस्तावतात. त्याने अपवाद केला तो एकाच तरुण मेंढपाळाचा. पाण्यात आपले सुंदर केस पाहून त्याच्या मनात गर्व आला, आणि तेवढ्यासाठी त्याने ते देवाला वाहिले. दुसरा पंडित एलाझार हकप्पार म्हणे की, नाजीर हा पापीच, कारण देवाने दिलेल्या चांगल्या गोष्टीला नाकारून त्याने स्वतःला क्लेश दिले.

हे वाचताना मला माझी आई आठवत होती. आमचे गाव रोह्याजवळ. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. ज्या दिवशी मला प्रवेश मिळाला, त्या दिवशी आईने धावीर महाराजांपुढे सांगितले, "पोरगी पंधरावी होईस्तोवर मासळी तोंडाला लावणार नाही." आमच्या घरात मासळी सोडणे म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आज दीड वर्ष झाले. आईच्या अंगात रक्त कमी आहे. डॉक्टरांनी मासळी, अंडी खायला सांगितली आहेत.

'गणना'च्या तिसाव्या अध्यायात, पत्नीचा नवस ऐकल्या दिवशीच पतीला रद्द करता येतो. तो गप्प राहिला तर नवस पक्का. बाबा त्या दिवशी गप्पच राहिले होते. दुसरा मार्ग पंडिताने किंवा तीन माणसांनी मिळून सोडवण्याचा. ते विचारतात, "असे होईल हे ठाऊक असते तर तू नवस केला असतास का?" 'नाही' म्हटले की सुटका. या कारणाला ते 'दार' म्हणतात. मी आईला हाच प्रश्न विचारला. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तरीपन केला असता."

दार बंद झाले. पण नवसाचा अर्थ लोकांच्या नेहमीच्या बोलण्यावरून लावावा, असाही ज्यूंचा नियम आहे. 'मिश्ना' या ग्रंथात मासे सोडण्याच्या नवसाचीच चर्चा आहे! लहान-मोठे, खारवलेले-बिनखारवलेले, कच्चे-शिजवलेले सारे मासे वर्ज्य ठरवले आहेत. म्हणजे सुकटही गेली. पण आमच्याकडे अंड्याला कोणी मासळी म्हणत नाही. हे मी आईला सांगितले. ती हसली, थोडा विचार केला आणि म्हणाली, "अंड्याचं मी कुठं बोलले होते?"

आता ती रोज एक अंडे खाते. एलाझार पंडिताचे म्हणणे मला पटते. पण त्याने माझ्या आईला पाहिले असते तर तिला पापी म्हटले असते का, याची मला शंका आहे. मेंढपाळाने केस दिले, राणीने वर्षे दिली, पेणच्या त्या आईने चांदी दिली. माझ्या आईजवळ देण्यासारखे जे होते ते तिने दिले. व्रत तिचे आहे, पण त्याची मुदत माझ्या हातात आहे. वेळेवर पास होणे एवढेच मला करायचे आहे.