आरोग्य तपासणीत मनाचीही विचारपूस

वार्षिक आरोग्य तपासणीत रक्तदाब, रक्तशर्करा, कोलेस्टेरॉल यांची नोंद होते. मनःस्थितीविषयी मात्र बहुधा काहीच विचारले जात नाही. नैराश्य रक्ताच्या चाचणीत दिसत नाही, ते विचारावे लागते. निद्रानाश, थकवा, कामात लक्ष न लागणे अशा तक्रारींवर वरवरचे उपचार होत राहतात आणि मूळ आजार दुर्लक्षित राहतो.

प्रश्नावलीचे स्वरूप

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली यासाठी अनेक देशांत वापरली जाते. तीत गेल्या दोन आठवड्यांतील अनुभवांविषयी ९ प्रश्न असतात. प्रत्येक उत्तरास ० ते ३ गुण, म्हणजे एकूण २७. बेरीज १० वा अधिक आल्यास सविस्तर तपासणी करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. हे निदान नव्हे. थायरॉईडच्या विकारांत वा रक्तक्षयातही थकवा जाणवतो. त्यामुळे निष्कर्ष डॉक्टरांनीच काढावयाचा असतो. नववा प्रश्न मृत्यूच्या वा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर होकारार्थी असल्यास, बेरीज कितीही कमी असो, डॉक्टरांनी त्याच दिवशी त्या व्यक्तीशी बोलले पाहिजे.

उत्तर कोणाच्या हाती?

आपले उत्तर बढती-बदलीच्या फाइलीत जाईल अशी शंका असल्यास कर्मचारी सर्वत्र शून्यावर खूण करील आणि तपासणी व्यर्थ ठरेल. जपानमध्ये डिसेंबर २०१५ पासून ५० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना वार्षिक ताण-तपासणीची सोय करणे बंधनकारक झाले. तेथे निकाल थेट कर्मचाऱ्यास कळविला जातो. त्याच्या संमतीवाचून तो मालकास मिळत नाही. आपल्याकडेही मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे.

चाळणीनंतर काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोकरीतील अशा चाळणीच्या बाजूने वा विरोधात शिफारस केली नाही. लाभ हानीहून अधिक आहेत का, हे स्पष्ट नसल्याचे तिने नमूद केले. म्हणूनच केवळ प्रश्नावली वाटून भागणार नाही. सहभाग ऐच्छिक असावा, उत्तरे डॉक्टरांपाशीच राहावीत आणि समुपदेशन व उपचारांची व्यवस्था आधीच सिद्ध असावी. शाखाधिकाऱ्यांनी गुणांची चौकशी करू नये. उपचारांसाठी रजा मात्र विनासायास द्यावी.

तपासणीची वाट न पाहताही मदत मिळू शकते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. आपल्यासाठी वा सहकाऱ्यासाठी तो अवश्य टिपून ठेवावा.