मुक्या रुग्णाची हाक

रुग्ण समोर बसला की आपण प्रथम विचारतो, ‘काय त्रास होतो?’ घरातील कुत्रा वा मांजर याचे उत्तर देऊ शकत नाही. किंबहुना दुखणे लपविण्याकडेच त्यांचा, विशेषतः मांजरांचा, कल असतो. म्हणून तेथे आपली नजर हेच पहिले निदानसाधन होय.

काही वर्षांपूर्वी आमचा बोका दिवसभर कुंथत होता. बद्धकोष्ठ समजून मी त्यास रेचक दिले. वस्तुतः त्याचा मूत्रमार्ग बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांकडे नेले तेव्हा रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयगती मंदावली होती. कॅथेटर घालून त्यांनी त्याचा जीव वाचविला. परंतु झालेला उशीर माझा होता. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. कुंथूनही लघवी न होणे एक-दोन दिवसांत प्राणावर बेतू शकते.

पुढील लक्षणे दिसल्यास सकाळ होण्याची वाट पाहू नये :

१. शांत झोपेतही श्वासगती मिनिटास ३० हून सतत अधिक असणे, अथवा मांजराने तोंड उघडून धापा टाकणे.

२. हिरड्या पांढुरक्या वा निळसर दिसणे. दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पूर्ववत न होणे.

३. मोठ्या कुत्र्याचे पोट फुगणे व उमासे येऊनही उलटी न होणे. जठरास पीळ पडल्याची ही खूण असू शकते.

४. पाच मिनिटांहून अधिक चाललेले किंवा दिवसात पुन्हा आलेले झटके.

५. नसबंदी न झालेल्या मादीस माजानंतर काही आठवड्यांत अतिशय तहान, मरगळ वा योनिस्राव. गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी.

६. उन्हात धापा टाकत कोसळणे. अंगावर पाणी ओतून, वारा घालून शरीर थंड करण्यास लगेच आरंभ करावा व मग दवाखाना गाठावा.

येथे आपले ज्ञानच कधी कधी घात करते. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे कुत्र्याचे स्वाभाविक तापमान. आपण त्यास ताप समजतो आणि हात पॅरासिटामॉलकडे जातो. मांजराच्या यकृतास या औषधाचा पुरेसा निचरा करता येत नाही. तिच्यासाठी आपली एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. आयबुप्रोफेन दोघांनाही घातक आहे.

तेव्हा घरच्या मुक्या रुग्णापुढे आपण डॉक्टर नसून नातेवाईक आहोत, हे ध्यानी ठेवावे. रात्रीही उपलब्ध असणाऱ्या पशुवैद्यांचा दूरध्वनी क्रमांक आजच लिहून ठेवावा आणि शंका येताच त्यांना विचारावे. त्यात कमीपणा नाही.