अन्यधर्मीय तरुणांशी संवाद कसा करावा?

धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो. गावच्या तरुण मंडळात आपली मुले पाठवावीत काय? तेथे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळीच मुले असतात. आज व्हॉलीबॉल, उद्या गणपतीची वर्गणी, परवा आरती. नुकताच देव्हारा काढलेले घर पुन्हा तिकडे ओढले जाईल, ही आईवडिलांची भीती खोटी नाही.

परंतु दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला प. पू. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे, तशीच सर्व माणसे समान मानण्याचीही आहे. एक पाळण्यासाठी दुसरी मोडावी लागत नाही. आरतीला उभे राहू नये, वर्गणीला नम्रपणे नाही म्हणावे. पण मंडळाने गावची विहीर उपसायला काढली तर आपल्या मुलाने पहिली पाटी उचलावी. दहावीच्या मुलांसाठी विहारात अभ्यासिका काढावी व ती सर्वांच्या मुलामुलींना खुली ठेवावी. तेथे येणाऱ्याला वंदनेची अट घालू नये. आपल्यावर अटी घालणाऱ्यांचा जाच आपण पुष्कळ सोसला आहे.

कामाच्या ओघात धर्माचा विषय निघणारच. तेव्हा बोलावे कसे, याचा धडा ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. राजा मिलिंद हा ग्रीक, सागल नगरीचा अधिपती. त्याने वादाचे आमंत्रण दिले तेव्हा भदन्त नागसेनांनी आधी विचारले, चर्चा पंडिताप्रमाणे करणार की राजाप्रमाणे? पंडितांच्या चर्चेत एकाचे म्हणणे दुसरा खोडतो, चूक पदरात घालतो, तरी कोणी रागावत नाही. राजाच्या चर्चेत मात्र विरुद्ध बोलणाऱ्याला शिक्षा होते. मिलिंदाने पंडिताची रीत मान्य केली, मगच प्रश्नोत्तरे सुरू झाली. बाबासाहेबांनी औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) १९५० साली काढलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले, आणि परिसराला नागसेनवन. विचारणारा व उत्तर देणारा, दोघांचाही मान राखला गेला. आपल्या मंडळांत हल्ली राजाची रीतच फार दिसते, मग राजा कोणत्याही धर्माचा असो!

सोबती आपल्याच धर्माचा असावा लागतो, असे आपला इतिहास सांगत नाही. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. तेथेच दि. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते.

मात्र मुलांना रिकाम्या हाताने पाठवू नये. “तुम्ही देव का मानीत नाही?” असे मित्राने विचारले, तर मुलाने चिडू नये, लाजूही नये. उत्तर ठाऊक नसेल तर पुढच्या रविवारी सांगतो म्हणावे, घरी येऊन ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ उघडावा, आणि रविवारी खरोखर जाऊन सांगावे.