वेगाचा मोह आणि रजोगुण

दिल्लीत इंडिया गेटच्या आसपासचे रुंद रस्ते रात्री मोकळे झाले की काही तरुण मोटारसायकली घेऊन जमतात. कोणी पुढचे चाक उचलून गाडी पळवितो, कोणी धावत्या गाडीवर उभा राहतो. जुलै २०१३ मध्ये मध्य दिल्लीत अशाच एका जमावाला आवरताना पोलिसांनी झाडलेली गोळी लागून १९ वर्षांचा एक तरुण मृत्युमुखी पडला. नेम गाडीच्या चाकावर होता, असे पोलिसांनी सांगितले. त्या गोळीचा न्यायनिवाडा करणे हे या लेखाचे प्रयोजन नव्हे. तरुणांना मृत्यूच्या इतके जवळ जावेसे का वाटते, हे मात्र प्रत्येक गृहस्थाने समजून घेतले पाहिजे.

संकट दिसताच मूत्रपिंडांवरील ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन नावाचा स्राव रक्तात सोडतात. हृदय जलद चालते, रक्तातील साखर वाढते, देह झुंजण्यास किंवा पळण्यास सिद्ध होतो. ही रक्षणाची योजना आहे. परंतु त्या थरारात आणि नंतरच्या सुटकेत मनाला गोडी लागते; मेंदूतील डोपामाइन हे द्रव्य ती ओढ दृढ करते. पुढे सवयीने धार बोथट होते. काल ताशी ८० किलोमीटरच्या वेगात जो रोमांच होता, त्यासाठी आज १२० लागतात, आणि साधा दिवस नीरस वाटू लागतो. व्यसनाचे हेच लक्षण होय.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६२ व ६३ या श्लोकांत भगवंतांनी हीच उतरंड दाखविली आहे. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, मग काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश. आरंभ कृतीत नसून चिंतनात आहे, हे ध्यानात घ्यावे. गाडीवर बसण्यापूर्वी कित्येक दिवस मुलगा मोबाइलवर तीच दृश्ये पाहत असतो.

शंका – मग साहस हा दोष आहे काय? अर्जुन तर योद्धा होता.

समाधान – मुळीच नाही. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासूनच सुरू होते. परंतु सैनिक किंवा अग्निशामक दलाचा जवान भयाला सामोरा जातो तो दुसऱ्याच्या रक्षणासाठी. वेगाने मोहित झालेला मनुष्य भयाचीच चव घेत असतो, आणि तिचे मोल कधी कधी पदपथावर झोपलेला मजूर देतो.

यावर उपाय काय? अल्पवयीन मुलाच्या हाती किल्ली देऊच नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा गुन्ह्याबद्दल पालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे. परंतु दुसऱ्या अध्यायाचा ५९ वा श्लोक सांगतो की, विषय दूर केला तरी त्याची गोडी उरते. अधिक श्रेष्ठ असे काही अनुभवास आले तरच ती सुटते. म्हणून मुलाला पोहणे, कुस्ती, गिर्यारोहण यांसारखे परिश्रम जाणत्या गुरूच्या देखरेखीखाली द्यावेत, आणि कोणाच्या तरी उपयोगी पडेल असे एखादे काम त्याच्यावर विश्वासाने सोपवावे.

शेवटी आपले स्वतःचे आचरण. ग्रेटर नोएडाहून आग्र्याला जाणाऱ्या १६५ किलोमीटरच्या यमुना एक्सप्रेस वेवर पिता काही कारण नसताना वेगमर्यादा ओलांडतो, तेव्हा मागच्या आसनावरील मुलगा ते पाहत असतो. थोरांच्या आचरणाचेच इतर अनुकरण करतात, हे तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. आज आपण मुलाला कोणता पाठ दिला, हे प्रत्येक पित्याने रात्री निजण्यापूर्वी स्वतःला विचारावे.