जाळ्यात जुनी फळी आली तर

पोरांनो, उत्तन, पाली, चौकच्या कुणाच्या डोलीत काळं पडलेलं लाकूड आलं, तर जाळं फाटल्याच्या रागात ते परत पाण्यात भिरकावू नका. पलीकडे वसईत 1739 सालापर्यंत पोर्तुगीज होते, तिथे जहाजं बांधली जात. आपली ही समुद्रवाट फार जुनी आहे, ते लाकूड जुन्या जहाजाचं असू शकतं.

फळी उन्हात टाकू नका. वर्षानुवर्षं भिजलेलं लाकूड वाळलं की आक्रसतं, तडकतं. टपात समुद्राचंच पाणी घ्या, त्यात बुडवा. मावत नसेल तर ओलं गोणपाट गुंडाळा आणि ते सुकू देऊ नका.

आणि घासू तर मुळीच नका! घासून साग दिसला की आपण म्हणतो, जहाज इथलंच. पण मलबारचा साग अरबस्तानात जायचा आणि तिथे त्याची गलबतं व्हायची. इजिप्तच्या बेरेनिके बंदरात तर मोडीत काढलेल्या जहाजांचा साग घरांच्या भिंतींत सापडला. नुसत्या लाकडावर भरवसा ठेवून चालत नाही. खरी ओळख सांध्यात असते. फटीत ठासलेला काथ्या, कापूस, वरची राळ नखानेसुद्धा उकरू नका. राळ ओली असताना आसपासच्या झाडांचे परागकण तिला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहून जाणकार मुलूख ताडतात. डागडुजी दुसऱ्या बंदरात झाली असेल, तर वरच्या थरात वेगळीच झाडं निघतील. म्हणून थर जसेच्या तसे राहू द्या. कडेला ओळीने भोकं असतील, तर फळ्या दोरीने शिवलेल्या असतील. आत दोरीचा तुकडा राहिला असेल तर ओढू नका.

फळीला लागलेला चिखलही डब्यात ठेवा. त्यात भाताचा तूस, खजुराची बी, मिरीचा दाणा असू शकतो. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुनला तेहेतीसशे वर्षांपूर्वी बुडालेल्या जहाजात मालाखाली काटेरी झुडपं अंथरलेली होती. माल फुटू नये म्हणून घातलेला तो पाला. पण जहाज कुठल्या किनाऱ्यावर भरलं, याचा माग अशा पाल्यातूनही लागू शकतो. चार बिया खलाशाच्या जेवणातल्याही असतील, ढीग मिळाला तर माल समजा.

जाळं ओढलं तिथला जीपीएस आणि किती वाव पाणी होतं, लगेच टिपा. मग उत्तन सागरी पोलीस ठाण्यात कळवा, ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज द्या. चिखलाच्या डब्यात तारीख-जागेची चिठ्ठी टाका, पेन्सिलीने लिहिलेली. शाई पाण्यात फुटते.